जुना अल्टो सॅक्सोफोन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात मी एक वापरलेला अल्टो सॅक्सोफोन विकत घेतला. ‘पूर्ण दुरुस्त केलेला आहे, फक्त फुंकायचा’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. ते खरे नव्हते. वरचे स्वर मोकळे निघत, परंतु अगदी खालचे सी, बी आणि बी फ्लॅट नुसते गुरगुरत किंवा अचानक वरच्या सप्तकात उडत. तीन महिने मी दोष स्वतःच्या दमाला दिला आणि रीडही (तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी) अडीच क्रमांकाऐवजी दोनची, म्हणजे थोडी मऊ, लावून पाहिली.

सोलापुरात लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका ज्येष्ठ वादकांना अखेर वाद्य दाखवले. दोन फुंकांतच ते म्हणाले, ‘‘अहो, दम बरोबर आहे तुमचा, वाद्य हवा सोडतंय.’’ खोलीत अंधार करून त्यांनी नळीत बारीक दिव्यांची माळ सोडली, तेव्हा जी शार्प स्वराचे भोक मिटवणाऱ्या पॅडच्या (कळेखालच्या गादीच्या) मागच्या कडेला केसाएवढी प्रकाशाची रेघ दिसली. खालचा स्वर काढताना वरची सगळी भोके घट्ट मिटलेली असावी लागतात, आणि एवढ्याशा फटीनेही तो फुटतो.

पॅड म्हणजे पुठ्ठा, त्यावर नमदा आणि वरून पातळ चामडे. ते पितळी वाटीत लाखेने बसवलेले असते. दागिन्यांच्या पोकळीत सोनार भरतात ती लाख इथेही कामाला येते, याचा मला फार आनंद झाला. वाटी मागून हळूच तापवली की लाख मऊ होते, पॅड सरळ करता येते आणि गार होईपर्यंत कळ हलकेच दाबून धरायची असते. पहिले पॅड त्यांनी बसवले, पुढची दोन त्यांच्या देखरेखीखाली मी बसवली.

अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेले हे वाद्य पितळेचे असूनही रीडमुळे सनई-क्लॅरिनेटच्या कुळातले मानले जाते. अंग पितळेचे आहे म्हणून मी तोंडाकडचा भाग पितळ उजळण्याच्या पुडीने घासला आणि वरचे लॅकर, म्हणजे चकचकीत संरक्षक लेप, कायमचे खरवडून निघाले. कोरडे मऊ कापड पुरेसे असते.

इथल्या हवेप्रमाणे काळजी बदलावी लागते. पावसाळ्यात जी शार्पचे पॅड चिकटते; तेव्हा पातळ कागद मध्ये ठेवून कळ दोनतीनदा दाबावी, पण दाबलेल्या स्थितीत कागद ओढू नये, चामडे फाटते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की नेकचा (वरच्या वाकड्या नळीचा) कॉर्क सुकतो, म्हणून त्याला ग्रीस लावावे आणि पेटी बंद मोटारीत मुळीच ठेवू नये, कारण त्या उष्णतेत लाखच मऊ पडू शकते. वाजवून झाल्यावर नळीतून कापड फिरवणे आणि चहानंतर चूळ भरूनच वाजवायला बसणे, या दोन सवयींमुळे पॅड चिकटण्याचे प्रमाण बरेच कमी झाले.

आता सी आणि बी हळू फुंकूनही लागतात. बी फ्लॅट अजून जोरानेच निघतो. बेलवरचे (पुढच्या रुंद तोंडावरचे) मोठे पॅड पुढच्या महिन्यात बदलणार आहे.