घरात दोन पेपर, की एक चॅनेल आणि मोबाईल?

कुठलं चॅनेल कुणाच्या बाजूचं, हे सोलापुरात चहाच्या गाडीवरही पाठ असतं. ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. कल सगळ्यांचाच आहे असं धरून चाललं, तर रोजचा अर्धा तास आणि महिन्याचे पैसे कशावर घालवायचे, एवढाच प्रश्न उरतो. एक पर्याय म्हणजे वेगवेगळ्या कलाचे दोन मराठी पेपर. दुसरा म्हणजे एक मराठी वृत्तवाहिनी आणि जोडीला मोबाईलवरची पोर्टलं, यूट्यूब, व्हॉट्सॲप. मी दोन्ही चालवून बघितले आहेत आणि माझा कौल पहिल्याकडे आहे. घरोघरची गरज वेगळी असते, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नये.

वेगात मोबाईलशी बरोबरी नाही. मतमोजणीच्या फेऱ्या, उजनीतून सोडलेलं पाणी, शहर बंद आहे की उघडं, यासाठी उद्याच्या पेपरची वाट बघत बसण्यात शहाणपण नाही.

कल ओळखायचा झाला की मात्र पेपरची बाजू जड होते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यापासून मराठी बातमीत एक सोपी खूण तयार झाली आहे: 'गट' कुणाला म्हणतात ते बघायचं. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्याकडे. त्यानंतरही कुणी 'शिंदे गट' म्हणतं, कुणी 'उबाठा गट'. तीच घटना एकाला 'बंड' वाटते, दुसऱ्याला 'उठाव', तिसऱ्याला 'गद्दारी'. छापील मथळ्यात अशा शब्दाला अवतरणचिन्ह असेल तर तो नेत्याचा, नसेल तर पेपरनं स्वतःचा करून घेतलेला. वाहिनीवर निवेदक तोच शब्द उच्चारतो तेव्हा अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. इतकी छोटी गोष्ट, पण निम्मा कल त्यातच लपतो.

जिल्ह्याच्या बातमीला ही पक्षांची मोजपट्टी पुरत नाही. इथं कल पक्षाचा कमी आणि कारखान्याचा, पतसंस्थेचा, शिक्षणसंस्थेचा जास्त असतो. तालुक्याच्या वार्ताहरावर बऱ्याचदा जाहिराती आणण्याचीही जबाबदारी असते. वाढदिवसाच्या पुरवण्या आणि गळीत हंगामाच्या शुभेच्छा यांवर बराच खर्च निघतो. शिवाय नेते पक्ष बदलतात. धैर्यशील मोहिते-पाटील एप्रिल २०२४ पर्यंत भाजपमध्ये होते आणि जूनच्या निकालात माढ्यातून शरद पवारांच्या पक्षाचे खासदार झाले. चिन्ह बदललं, जाहिरात देणारं घर तेच राहिलं. पेपर कुठल्या पक्षाचा यापेक्षा कुठल्या घराला दुखवत नाही, हे बघणं इथं जास्त उपयोगी.

चिमणीचं प्रकरण आठवा. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होटगी रोडच्या विमानतळासाठी पाडली गेली. विमानसेवा हवी म्हणणारे एकीकडे, ऊस घालणारे सभासद दुसरीकडे, आणि पक्षाचे झेंडे बघून कोण कुठं हे सांगता येत नव्हतं. वाहिनीला त्यात कोसळणाऱ्या चिमणीची दृश्यं मिळाली. विमानतळ होटगी रोडला की बोरामणीच्या पर्यायी जागेवर, गाळप किती घटणार, सभासदांचा ऊस जाणार कुठं, हे वाचायला कॉलम लागतात. आणि दोन पेपर शेजारी ठेवल्यावरच कुणी कुठला प्रश्न विचारलाच नाही ते दिसतं. न छापलेली बातमी एकट्या पेपरात कशी सापडणार?

दोन पेपर नुसते वाचून उपयोग नाही. एक विषय धरा, पंधरा दिवस, हातात पेन घेऊन. बातमी कुठल्या पानावर, घडीच्या वर की खाली, किती कॉलम. पहिलं वाक्य कुणाच्या तोंडी. दुसरी बाजू कितव्या परिच्छेदात येते. शेवटच्या परिच्छेदात आली तर पानावर जागा कमी पडल्यावर आधी तीच कापली जाते. दोन्ही पेपरांत सलग दोन-तीन वाक्यं शब्दशः जुळली तर बातमी पत्रकावरून उतरली असं समजा, वर 'प्रतिनिधी' लिहिलेलं असलं तरी. निवडणुकीत अशी जुळणी एखाद्या उमेदवाराच्या कौतुकाची असेल आणि 'जाहिरात' हा शब्द कुठंच नसेल, तर दोन्ही कात्रणं जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्यावीत. पेड न्यूज तपासणं हे तिचं काम आहे.

बाजारभावाचं पानही असंच वाचावं. सोलापूर बाजार समितीच्या कांद्याचे तीन दर येतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. सरकारवर खूश असलेला मथळा कमाल दर उचलतो, नाराज असलेला किमान. बहुतेक गोण्या सर्वसाधारण दराच्या आसपास जातात, आणि तो आकडा मथळ्यात क्वचितच दिसतो. खोटं कुणीच छापत नाही.

मोबाईलची खरी ताकद मूळ भाषण ऐकण्यात आहे, तासाभराची पत्रकार परिषद न कापता. डिसेंबर २०२४ चं मारकडवाडी घ्या. विधानसभा निवडणुकीत माळशिरस तालुक्यातल्या या गावात मतदान यंत्रावर भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर यांना ८४३ मतं दिसली. गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतः मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. एका बाजूच्या ग्रुपवर 'गावाचा आवाज दाबला', दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर 'पराभूतांचा कांगावा'. जानकर तर मतदारसंघातून निवडून आले होते, शंका फक्त गावातल्या आकड्यावर होती. हा तपशील अर्ध्या मिनिटाच्या रीलमधून पहिला गळतो, आणि तो गळला की दोन्ही घोषणा खऱ्या वाटतात. पूर्ण पत्रकार परिषद ऐकणाऱ्याला तो मिळतो, पण ती ऐकतो कोण?

माझा कौल मात्र यातल्या कशानं ठरला नाही. तो ठरला एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासानं: मोबाईलवरची बातमी खूण न ठेवता बदलते. सकाळी नऊला पोर्टलवर एक मथळा असतो, अकराला दुसरा, लिंक तीच. 'दुरुस्ती' म्हणून ओळसुद्धा नसते. वर व्हॉट्सॲपची गंमत अशी की लिंक पाठवताना जो मथळा दिसला तोच खाली गोठून राहतो. म्हणजे ग्रुपवर वाचणाऱ्याला नऊचा मथळा दिसतो, लिंक उघडणाऱ्याला अकराचा, आणि दोघं एकाच बातमीवरून एकमेकांना खोटं ठरवतात. दोघंही प्रामाणिक असतात, हेच वाईट. स्क्रीनशॉट दाखवला तर 'एडिट केलाय' म्हणून मोकळं होता येतं. वाहिनीवर तर खालची पट्टी सरकली की गेली.

पेपरही चुकतो. खुलासा आतल्या पानात, एका कॉलमात, बोटभर छापतो. पण कालची चूक आणि आजचा खुलासा दोन्ही घरात असतात. म्हणून रद्दी महिना संपताच देऊ नये, दोन महिने ठेवावी. दोन महिन्यांचं कारण साधं आहे: दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे प्रकाशनापासून दोन महिन्यांत तक्रार करता येते, त्याआधी संपादकाला पत्र लिहावं लागतं आणि कात्रण जोडावं लागतं. पोर्टलला नियमानं तक्रार १५ दिवसांत निकाली काढायची असते, पण मथळा आधीच बदलला असेल तर तक्रार करायची कशावर?

तरीही मोबाईलच हवा असेल, तर यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास पुसून थांबवा. पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं आणि एकाच बाजूचे व्हिडिओ आपोआप रांगेत येणं कमी होतं. ऑटोप्लेही बंद करा. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाचा मजकूर पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढं जातो. त्यावरून वाद घालू नये. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड वाचन जास्त, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, ज्यांची कामाची पाळी पेपर येण्याआधी सुरू होते, त्यांना दोन मराठी पेपरांचा आग्रह करणं मला पटत नाही.

पेपर लावणार असाल तर एक सोलापुरातच संपादन होणारा घ्या, दुसरा राज्यभर आवृत्त्या असलेला. दोन्ही राज्यभराचे घेतले तर मुंबईचीच बातमी दोनदा येते, आणि पाणी चौथ्या दिवशी येणार की पाचव्या, यावरची बाचाबाची एकातही नीट मिळत नाही. अंकातली बारीक ओळ वाचा: मालक, मुद्रक, संपादक कोण ते तिथं असतं. आणि वार्षिक बुकिंगच्या भेटवस्तूला भुलू नका. कुकर मिळतो, पण एकाच पेपरला वर्षभर बांधले जाता. महिन्याच्या हिशेबानं लावा, तीन महिन्यांनी दुसरा पेपर बदलून बघा. बदल पुढच्या एक तारखेपासून हवा असेल तर पंचवीसच्या आत पेपरवाल्याला सांगून ठेवा.