हवाच कमी येत होती, आणि मी गॅस भरून बसले

पावसात गाडी चालवताना समोरची काच आतून पांढरी होत गेली आणि बघता बघता रस्ता दिसेनासा झाला. ब्लोअर शेवटच्या वेगावर होता. आवाज भरपूर, पण काचेखालच्या फटीतून हवा मात्र फुंकर मारल्याइतकीच. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता. एका हाताने काच पुसत मी गाडी कशीबशी कडेला घेतली. याच तक्रारीसाठी तोपर्यंत मी दोनदा पैसे मोजले होते. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात साधीच होती. एसीच्या जाळ्यांतून येणारी हवा काही महिने हळूहळू कमी होत गेली. गार होती, पण मागच्या सीटपर्यंत पोचत नव्हती. गॅरेजमध्ये सांगितलं, “दादा, हवा कमी येतेय.” त्याने बॉनेट उघडलं, पाइपांना मीटर लावलं आणि काट्याकडे बोट दाखवलं. “ताई, बघा, प्रेशर किती खाली आहे. गॅस संपलाय. भरून देतो, हवा फाडफाड येईल.” तेव्हा इंजिन बंद होतं. इंजिन बंद करून थोडा वेळ गेला की दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं आणि ते बाहेरच्या तापमानावर ठरतं. त्यावरून आत गॅस किती उरलाय ते कळत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा काटा खाली दिसला आणि मी मान डोलावली.

तासाभराने गाडी घेतली तर हवा खरंच जोरात येत होती. मग शंका तरी कशी यावी? एकच गोष्ट खटकली. डॅशबोर्डचा कप्पा उघडला की आधी हळू खाली यायचा, तो आता धाडकन आदळायला लागला. आत हात घालून पाहिलं, तर बाजूची दोरी तुटलेली होती आणि तिथे बारीक तार गुंडाळली होती. गॅस भरताना या कप्प्याशी काय काम पडलं, हे मी विचारलंच नाही. तो प्रश्न तेव्हाच विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

काही आठवड्यांत हवा पुन्हा मंदावली. या वेळी निदान बदललं होतं. “गॅस ठीक आहे ताई, ब्लोअरची मोटार दमलीय. नवीन टाकू.” नवीन मोटारीचे पैसे दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “नंतर पाठवतो.” जुनी मोटार मागितली तर ती भंगारात गेली होती. हवा मात्र परत सुधारली होती. त्यानंतर मुसळधार पावसातला तो प्रसंग घडला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “कूलिंग कॉइल चोक आहे, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल.” दोन दिवसांचं काम आणि आधीच्या दोन्ही खर्चांहून मोठा आकडा. मी विचार करून सांगते म्हणाले आणि गाडी घरी आणली.

त्या रात्री गाडीसोबत मिळालेलं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो आणि आपल्याला मिळणारी सगळी हवा आधी त्यातून जाते. सकाळी कप्पा उतरवला, झाकणाच्या दोन खिट्या दाबल्या आणि फिल्टर ओढला. घड्यांमध्ये करडी धूळ थापून बसली होती, मध्ये सुकलेल्या पानांचा चुरा. फिल्टर बाहेर ठेवून ब्लोअर लावला तर कप्प्यातले कागद उडाले.

फिल्टरच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. आमचा उलटा बसवलेला होता आणि चौकटीवर काळ्या ग्रीसचे बोटांचे ठसे होते. म्हणजे दोष कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर वेळी तो हाच फिल्टर काढायचा, झटकायचा आणि परत बसवायचा. हवा सुधारायची ती त्यामुळे, आणि मी पैसे द्यायचे गॅसचे, मोटारीचे. नवीन फिल्टर घातला असता तर गाडी निदान वर्षभर तरी त्याच्याकडे परत गेली नसती. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

कप्प्याखालून मोटारही दिसते. तिच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांची धूळ तशीच होती. लेबलवर वर्ष गाडीच्याच वर्षाचं.

कोणीही घरच्या घरी करू शकेल अशी तपासणी सांगते. एसी बंद ठेवा आणि नुसता ब्लोअर पूर्ण वेगावर लावा. तरीही हवा कमीच असेल तर गॅसचा संबंध नाही. गॅसचं काम हवा गार करणं, ती ढकलणारा पंखा वेगळा. आवाज पूर्ण आणि हवा अर्धी असेल तर वाटेत काहीतरी अडलंय: फिल्टर, आतली झडप किंवा हवा गार करणारी कॉइल. सगळ्यात आधी फिल्टर काढून बघा. मोटार खरंच दमली असेल तर आवाजच मंद येतो. फक्त सर्वात वरच्या वेगावर हवा येते आणि बाकीचे वेग मेलेले असतील तर बहुधा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा भाग, गेलेला असतो. एक अपवाद मात्र आहे. सुरुवातीला हवा चांगली येऊन बऱ्याच वेळाने मंदावते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येते, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असतो. तिथे कमी गॅस हेही एक कारण असू शकतं. पण तेव्हाही आधी गळती शोधायला सांगा. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही.

लेबलचा फोटो घेऊन मी परत गेले. “सगळ्या मोटारींवर तोच नंबर येतो,” तो म्हणाला. मी नंबर नाही, वर्ष दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग गल्ल्यातून मोटारीचे अर्धे पैसे काढून दिले. बिल नव्हतं, त्यामुळे बाकीच्यासाठी माझ्या हातात काहीच नव्हतं.

दुसरीकडे गॅस तपासून घेतला. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलं असतं. मशिनने सगळा गॅस काढून वजन केलं तर त्याहून बराच जास्त निघाला. भरलेल्या यंत्रणेत त्याने वरून आणखी भरला होता. असा जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरवर ताण आणतो आणि गारवाही कमी करतो. आता पट्टीवरच्या मापाप्रमाणे भरलाय, फिल्टर नवीन आहे, काच पावसातही स्वच्छ राहते. कप्प्याची दोरी अजून मिळालेली नाही, त्याने गुंडाळलेली तार तशीच आहे.