फॅमिली हाऊस की भाड्याची रूम?
मुलाची कॅन्सरची ट्रीटमेंट घरापासून लांबच्या हॉस्पिटलात असली की आईबापाने राहायचं कुठे हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. संस्थेच्या फॅमिली हाऊसची, म्हणजे अशा कुटुंबांना हॉस्पिटलजवळ एकत्र राहता येईल अशा घराची, कल्पना तशी जुनी, पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस १९७४ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालं, डॉ. ऑड्री इव्हान्स या मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या पुढाकाराने. अशा ठिकाणी खर्च नाममात्र किंवा शून्य, आणि रात्री उशिरा कॉमन किचनमध्ये दूध गरम करायला गेलं की शेजारच्या शेगडीपाशी अजून एक आई उभी असते, तिला प्लेटलेट म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. हे भाड्याच्या रूमवर मिळत नाही, खरंच. पण बऱ्याचदा वेटिंग असतं आणि नाव सोशल वर्करमार्फतच जातं, म्हणून अॅडमिशनच्या दिवशीच विचारा. आणि हो, तिथल्या दुसऱ्या कुणाच्या मुलाची वाईट बातमी आली की आपलीही झोप उडते.

रूम घेतली तर आजी, भावंडं सगळे मावतात, पण मूल वॉर्डात असतानाही भाडं चालूच. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली आल्या की इन्फेक्शन पटकन होतं, तेव्हा वेगळं बाथरूम असलेलं बरं, फक्त अंतर बघा, कारण तेव्हा ३८ डिग्री सेल्सियस ताप म्हणजे लगेच हॉस्पिटल, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. माझं मत, सुरुवातीला हाऊस, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालाच तर त्यानंतर डॉक्टरांना विचारून जवळची रूम.