सूक्ष्म ॲक्चुएटरमधला स्पर्श: कडक अट की लवचीक नियम?

सूक्ष्म ॲक्चुएटर, म्हणजे हालचाल घडवणारं अतिलहान यंत्र: त्यात विजेने तापलेली सिलिकॉनची पट्टी प्रसरण पावते आणि समोरच्या टोकाला टेकते. त्या क्षणाचं गणित दोन प्रकारे मांडता येतं.

पहिली, कडक मांडणी इटालियन गणितज्ञ सिन्योरिनी यांची, 1933 सालची. फट ऋण होत नाही, दाब फक्त ढकलतो, आणि दोन्हींचा गुणाकार कायम शून्य. फार देखणी मांडणी! जादा स्थिरांक लागत नाही. पण हाती समीकरणाऐवजी असमानता येते.

दुसरी, लवचीक मांडणी पृष्ठभागाचा खडबडीतपणा मान्य करते: किंचित आत शिरू द्यायचं आणि शिरकावाच्या घाताला एका स्थिरांकाने गुणून दाब वाढवायचा. स्थिरांक फार मोठा घेतला तर गणित ताठर, म्हणजे संगणकावर सोडवायला अवघड होतं, लहान घेतला तर पट्टी नको तितकी आत घुसते.

माझ्या मते खरा निकाल उष्णता लावते. ‘टेकलं तर पूर्ण वहन, सुटलं तर शून्य’ अशी कडक अट लावली, तर काही वेळा स्थिर उत्तरच उरत नाही. टेकलेली पट्टी थंड होऊन आखडते, सुटते, तापते, पुन्हा टेकते. स्पर्शाच्या यांत्रिकीचे अभ्यासक जे. आर. बार्बर यांच्या मांडणीत औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेच्या वहनाला होणारा अडथळा, फट आणि दाब यांनुसार सलग बदलतो, आणि ही अडचण सुटते. सूक्ष्म मापात ते वास्तवाला धरूनही आहे: साध्या हवेत रेणूंचा मुक्तपथ, म्हणजे दोन टकरींमधलं सरासरी अंतर, सुमारे 70 नॅनोमीटर असतो, म्हणून तितक्या अरुंद फटीत वहनाचा नेहमीचा नियम पुरत नाही. त्यामुळे उष्णता आणि बल एकत्र असतील तिथे मी लवचीक नियमच घेते. नुसतं बल हवं असेल, तर सिन्योरिनी उत्तम.