नवा गेमिंग लॅपटॉप हँग होतोय: परत करावा, सर्व्हिसला द्यावा की घरीच बघावं?

आधी बिल काढा आणि परत करायची मुदत कधी संपते ते बघा. मी बघितलं नव्हतं. माझा नवा लॅपटॉप दिवसातून एखाददा हँग व्हायचा, मी रोज रात्री एक ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) बदलून 'उद्या कळेल' म्हणत झोपायचो, आणि मुदत तेवढ्यात निघून गेली.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. मुदत शिल्लक असेल तर दोन संध्याकाळी स्वतः खर्च करा, तिसऱ्या दिवशी परत करा. सर्व्हिस सेंटर हा मुदत संपल्यानंतरचा रस्ता.

घरी प्रयत्न करण्यात अर्थ कधी आहे, हे लॅपटॉप कसा हँग होतो त्यावर ठरतं. स्क्रीन थिजली की कॅप्स लॉक दाबा. दाबल्यावर त्या बटणाचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज बहुधा जिवंत आहे, फक्त चित्र अडकलंय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन लुकलुकून परत आली तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) डिस्प्लेची ४१०१ नंबरची नोंद सापडली तर तो आणखी पक्का. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं तो प्रकार) डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर साफ करा, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा टाका. हे काम एका संध्याकाळचं आहे, यासाठी लॅपटॉप परत पाठवायची गरज नाही.

माउस हलतोय, पण कशावरही क्लिक केलं तरी काही होत नाही, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं एकदम उघडतं? मग एसएसडीकडे, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्ककडे बघा. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ नंबरची नोंद वारंवार दिसते.

दिवा ढिम्म, आवाज 'टर्रर्र' करत एकाच ठिकाणी अडकलेला, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही, हा तिसरा प्रकार. माझा हाच होता. यानंतर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते आणि लोक चार्जर बदलायला धावतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. अहो, बटण तुम्हीच दाबलं होतं! शोधायची नोंद डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअर-चुका टिपणाऱ्या भागाची. ती असली की हार्डवेअरनेच तक्रार केलेली असते.

तापमानावर सगळे पहिलं बोट ठेवतात. पण तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, फारच तापला तर मशीन बंद पडतं. नुसतं ब्राउझर उघडं असताना हँग होत असेल तर कूलिंग पॅड विकत घेऊ नका.

परत करण्याची एक मर्यादा आहे. दोष बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) असेल तर बदलून आलेला तोच मॉडेलही तसाच वागेल. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची काही मशीन एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे मधूनमधून अडखळतात, हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केलं होतं, आणि उपाय बायोस अपडेटचाच होता. त्यामुळे परत करण्याआधी बायोस नवा आहे का ते बघाच. अपडेटपूर्वी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की मात्र लिहून ठेवा, नाहीतर नवीनच भानगड.

दुसऱ्या संध्याकाळी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून लॅपटॉप काही तास तसाच ठेवा. तिथेही हँग झाला तर विंडोजला दोष देणं थांबवा आणि परतीचा अर्ज भरा. झाला नाही, तर हार्डवेअर निर्दोष असं लगेच म्हणू नका, कारण तिथे एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ बसूनच असतात. रात्री झोपताना रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावा. एक चूक दिसली तरी पुरे.

सर्व्हिस सेंटरला मी शेवटी का ठेवतो? कधीतरीच होणारा हँग तिथल्या टेबलावर नेमका होत नाही, आणि लॅपटॉप 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत येतो. द्यायचाच झाला तर पुरावा सोबत द्या: कॅप्स लॉक दाबूनही दिवा हलत नाही असा मोबाइलवरचा व्हिडिओ, नोंदींच्या तारखा-वेळा, मेमटेस्टचा फोटो. डेटाची कॉपी काढून ठेवा. मदरबोर्ड बदलला तर बिटलॉकर ती की पुन्हा मागेल.

माझ्या लॅपटॉपची पहिली फेरी रिकामी गेली. दुसऱ्या वेळी मी सकाळी उठल्यावर मेमटेस्टमध्ये दिसलेल्या लाल ओळींचा फोटो दाखवला. काउंटरवरच्या मुलाने एकही प्रश्न न विचारता रॅमची स्टिक बदलायचा फॉर्म पुढे केला.