बाबांचा ओटीपी बाबांच्या फोनवर: म्हापशातल्या एका सीएस (कंपनी सेक्रेटरी) ऑफिसचा अनुभव

डिचोलीत आमचा काजू फोडण्याचा छोटा कारखाना आहे, 2011पासून प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोघंच, बाबा आणि मी. डायरेक्टर म्हटलं की आठ आकडी डिन नंबर आला, म्हणजे डायरेक्टरचा सरकारी ओळख क्रमांक, आणि 2025पर्यंत दर वर्षी 30 सप्टेंबरच्या आत त्याची केवायसी यायची. 2025च्या सप्टेंबरात चवथीची धांदल ओसरल्यावर मी म्हटलं, या वेळी घरीच करू. माझी पाच मिनिटांत झाली. एक ओटीपी मोबाईलवर, एक ईमेलवर. मग बाबांचा डिन घातला आणि दोघं फोनकडे बघत बसलो. काहीच आलं नाही.

बाबांच्या डिनवर मोबाईल आणि ईमेल आमच्या जुन्या कन्सल्टंटचा होता. 2018मध्ये ही केवायसी सुरू झाली तेव्हा त्यांनी स्वतःचाच नंबर घातला आणि दर वर्षी बाबांचा कोड परस्पर भरत राहिले. आता ते फोनही उचलत नव्हते. मला फार राग आला. तो कोड म्हणजे बाबांची सही आहे. सात वर्षं ती दुसऱ्याच्या खिशात होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

शेजाऱ्यांनी म्हापशाच्या या सीएसबाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी बाबांना खुर्ची दिली आणि सगळं माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं. नंबर बदलायचा तर तेव्हा साधी वेब केवायसी चालत नव्हती, डीआयआर-3 केवायसीचा पूर्ण फॉर्म भरावा लागायचा. त्यावर बाबांची डिजिटल सही लागायची आणि सीए किंवा सीएसचं प्रमाणपत्र. तारीख चुकली तर डिन बंद पडतो, परत चालू करायला 5,000 रुपये. बंद डिनवर एओसी-4, म्हणजे कंपनीचा ताळेबंद सरकारकडे भरायचा फॉर्म, कसा सही करणार? तो उशिरा गेला की दिवसाला 100 रुपये चढतात.

बाबांकडे चालू डिजिटल सही नव्हतीच. त्याच टेबलावर मोबाईलसमोर पॅन कार्ड धरून व्हिडिओ पडताळणी झाली. मी बाबांच्या नावाने नवा ईमेल काढला. पासपोर्ट असेल तर त्याचीही प्रत जोडावी लागते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे डिचोलीला एक फेरी जास्त झाली. तेवढं त्यांनी फोनवरच सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी फॉर्म भरताना बाईंनी स्वतः कोड विचारला नाही. कीबोर्ड बाबांपुढे सरकवला. "काका, आकडे तुम्हीच घाला. मलासुद्धा सांगू नका." बाबांनी चष्मा पुसला, एकेक आकडा दाबला. डिजिटल सही असलेलं यूएसबी टोकनही त्यांच्या हातात दिलं, ऑफिसात ठेवून घेतलं नाही. फी 1,500 आणि डिजिटल सहीचे वेगळे, दोन्हींची पावती मिळाली.

जायचं असेल तर शुक्रवार टाळा, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दुसऱ्या खेपेला बाबा जिन्यात थांबले तेव्हा पहिल्या मजल्यावर त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवलेली होती.