बायोस अपडेट करू, की नुसतं एक्सएमपी चालू करू?

रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलेलं असतं, पैसेही ३२००चेच मोजलेले असतात. मग कधीतरी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून मेमरीवर क्लिक करावं, तर स्पीडसमोर २१३३ नाहीतर २६६६. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डीडीआर४ची स्टिक सुरुवातीला जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था) सावध वेगावर, १.२ व्होल्टवर चालते. पाकिटावरचा आकडा तिच्यावरच्या बारक्या चिपमध्ये वेगळ्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो. त्या प्रोफाइलला एक्सएमपी म्हणतात (काही एएमडी मदरबोर्डांवर डीओसीपी, एएमडीच्या डीडीआर५मध्ये एक्स्पो), आणि आपण बायोसमध्ये (मदरबोर्डवरचा, विंडोजच्याही आधी चालू होणारा प्रोग्राम) जाऊन चालू करेपर्यंत ती पडून असते.

इथेच बरेच जण दोन कामांची गल्लत करतात. “रॅम पूर्ण वेगाने चालत नाही, म्हणजे बायोस अपडेट करायला हवा.” बहुतेक वेळा नाही. एक्सएमपी चालू करणं म्हणजे एक सेटिंग बदलून एफ१० दाबणं. जमलं नाही तर बोर्ड दोन-तीनदा चालू-बंद होतो आणि स्वतःच जुन्या वेगावर परत येतो. नाहीच आला, तर प्लग काढून गोल सेल (सीआर२०३२) थोडा वेळ बाहेर ठेवला की सगळं फॅक्टरी सेटिंगवर. बायोस अपडेटचं तसं नाही. तिथे बोर्डावरच्या फ्लॅश चिपमधला प्रोग्रामच पुसून नवा लिहिला जातो, आणि मध्येच लाईट गेली तर बोर्ड मेला असं समजा. दुरुस्तीवाला क्लिप लावून चिप पुन्हा लिहून देतो, पण तो शोधावा लागतो. जूनच्या पहिल्या वादळात यूपीएसशिवाय हे काम काढू नका.

फायदा कोणाला किती? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, एएमडीच्या रायझन ५ ५६००जीसारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसरवरच गेम चालत असतील, तर एक्सएमपीचा फरक डोळ्यांना दिसतो, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. रायझनमध्ये आतले भाग जोडणारं फॅब्रिक रॅमच्या घड्याळाला बांधलेलं असतं, ३२००च्या रॅमला १६०० मेगाहर्ट्झ, त्यामुळे रॅम मंद तर प्रोसेसरही थोडा मंद. टॅली आणि यूट्यूब एवढंच असेल तर काहीही जाणवणार नाही. त्याआधी एक बघून घ्या: दोन स्टिक आहेत का, आणि त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत आहेत का? शेजारीशेजारी खोचल्या असतील तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर जातात, आणि ते नुकसान एक्सएमपी बंद असण्यापेक्षा मोठं असतं. अशी कॅबिनेट मी बरीच उघडली आहेत.

बायोस अपडेटला मात्र नेमकं कारण हवं. सगळ्यात रास्त कारण म्हणजे नवा प्रोसेसर. २०१८-१९ मध्ये बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० घेतलेल्यांना आज त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो, पण नव्या बायोसवरच. म्हणून जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करा. २६०० विकून मोकळे झालात आणि बोर्डावर फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवायही बायोस लिहिणारं) बटण नसेल, तर ५६०० बसवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. दुसरं कारण म्हणजे ठरावीक दोष. फर्मवेअर टीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) काही रायझन मशिन मध्येमध्ये अडखळायची, ते २०२२च्या बायोसने सुटलं. “नवीन आलंय म्हणून” हे कारण नव्हे. काही जुन्या बोर्डांची चिप १६ एमबीचीच आहे, आणि तीत नवे प्रोसेसर मावावेत म्हणून काही कंपन्यांनी जुन्यांचा सपोर्ट काढून टाकला. मागच्या आवृत्तीवर परतता येईलच असंही नाही.

दोन गट मात्र अपवाद. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर विचार करत बसू नका. जास्त व्होल्टेजमुळे ते हळूहळू खराब होत होते आणि त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती (०x१२९, मग ०x१२बी) २०२४ मध्ये बायोसमधूनच आला. झालेली हानी त्याने भरून निघत नाही, पुढची टळते. दुसरा गट एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० एक्स३डीचा. २०२३ मध्ये त्यांतले काही जळाले, कारण एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) फार वर नेत होते. नव्या बायोसने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तिथे आधी बायोस, मग एक्स्पो, उलटं नाही.

अपडेट करायचं ठरलंच, तर विंडोजमधल्या अ‍ॅपवरून मी करत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून बायोसच्या आतल्या सोयीने (ईझेड फ्लॅश, एम-फ्लॅश, क्यू-फ्लॅश, इन्स्टंट फ्लॅश) करतो. फ्लॅशबॅक बटण प्रोसेसर नसतानाही चालतं, फक्त फाइलचं नाव कंपनी सांगते तेच हवं आणि पेनड्राइव्ह खूण केलेल्याच पोर्टमध्ये हवा. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत हात लावायचा नाही. फाइल उतरवताना बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली आवृत्ती बघा. नाव तेच, आवृत्ती वेगळी, असं होतं.

आणखी दोन गोष्टी कोणी सांगत नाही. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात, म्हणजे एक्सएमपीही बंद आणि फॅनचे वेगही गेले. जुनी सेव्ह केलेली प्रोफाइल नव्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, म्हणून आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो. दुसरं, बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. प्रोसेसर बदलल्यावर स्क्रीनवर फर्मवेअर टीपीएम रीसेट करू का, वाय की एन, असं येतं. बिटलॉकर चालू आणि रिकव्हरी की हाताशी नसताना वाय दाबलात तर ड्राइव्हवरचे फोटो कायमचे कुलूपबंद.

माझी चूक सांगतो. एका रविवारी मी बायोस आणि एक्सएमपी दोन्ही एकाच बैठकीत केलं. रात्री निळी स्क्रीन आली, आणि दोष कोणाचा ते शोधण्यात पुढचा आठवडा गेला. आता बायोसनंतर चार दिवस मशिन तसंच वापरतो, मग एक्सएमपी लावतो आणि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवतो. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली, तर ३२००चं २९३३ करून पुन्हा रात्रभर.